साथीच्या दिवसांतील प्राथमिक शाळा

शाळा म्हणजे काय, असा प्रश्न एखाद्या लहान मुलास केला तर तो इमारतीकडे बोट दाखवील. फळा, बांक, घंटा व मैदान ह्यांचीं नांवें घेईल. त्याचें उत्तर चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे, हें सन २०२० च्या मार्च महिन्यानें आपणां सर्वांस शिकविलें. त्या महिन्यांत इमारती जागच्या जागीं उभ्या होत्या, फळे भिंतीवर होते, घंटाही टांगलेली होती. मुलें मात्र नव्हतीं. मग त्या काळांत शाळा होती कीं नव्हती? आमच्या मतें जेथें शिक्षकांस मुलांचीं घरें ठाऊक होतीं तेथें ती होती. जेथें नव्हतीं तेथें नुसती इमारत होती. हें आम्ही कशावरून म्हणतों, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे. त्या वर्षीं ज्या बालकांचीं नांवें पहिलींत दाखल झालीं, तींच आतां हायस्कूलच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलीं आहेत. तेव्हां ही हकीकत परक्यांची नव्हे.

रोगाच्या साथीनें शाळा ओस पडण्याचा प्रसंग आपल्या प्रांतास अगदींच नवा नाहीं. सन १८९६ मध्यें मुंबईंत गांठीचा प्लेग उद्भवला, पुढें तो पुण्यांत पसरला, आणि त्यास आळा घालण्यासाठीं १८९७ मध्यें साथरोग कायदा करण्यांत आला. ज्यांनीं मुलींच्या शिक्षणासाठीं आयुष्य वेंचिलें त्या सावित्रीबाई फुले त्याच साथींत रुग्णांची सेवा करितां करितां स्वतः आजारी पडल्या व १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. पुढें १२३ वर्षांनीं कोरोनाची साथ आली, तेव्हां महाराष्ट्र सरकारनें प्रथम जो कायदा हातीं घेतला तो हाच १८९७ चा होय. कायदा जुना होता, तसें शिक्षकांपुढील कर्तव्यही जुनेंच होतें.

१६ मार्च २०२० पासून राज्यांतील शहरांच्या शाळा बंद झाल्या. पाठोपाठ खेड्यांतील शाळांसही कुलुपें लागलीं. २५ मार्चपासून सबंध देशांत टाळेबंदी सुरू झाली. वरच्या इयत्ता नोव्हेंबर २०२० पासून कोठें कोठें भरूं लागल्या. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांस १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि मुंबई व पुणें ह्या शहरांत त्याहून पंधरवडाभर अधिक. पुढें जानेवारी २०२२ मध्यें त्या पुनः कांहीं दिवस बंद झाल्या, त्या निराळ्याच. म्हणजे प्राथमिक शाळेचें दार वीस महिन्यांहून अधिक काळ मिटलेलें होतें. सहासात वर्षांच्या बालकाच्या दृष्टीनें हा त्याच्या आजवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा होय! मोठ्यांस जो काळ लांबलेल्या सुटीसारखा वाटला, तो लहानांस एका युगाएवढा होता.

शाळा बंद झाली म्हणजे कुटुंबाचें नेमकें काय बुडतें, ह्याचा आपण क्वचितच हिशेब करितों. धडे बुडतात हें उघड आहे. पण त्याबरोबर गरीब घरच्या मुलाचें दुपारचें जेवण बुडतें. मजुरीस जाणाऱ्या आईस मूल निर्धास्तपणें ठेवण्याची जागा बुडते. आणि घरावर कांहीं संकट कोसळल्यास तें प्रथम ज्याच्या ध्यानांत यावयाचें, तो शिक्षकही दिसेनासा होतो. ह्यांपैकीं प्रत्येक गोष्ट शाळेनें कशी भरून काढूं पाहिली, तें क्रमानें पाहूं.

प्रथम अन्नाची गोष्ट. सरकारी व अनुदानित शाळांतून पहिली ते आठवीच्या मुलांस दुपारीं शिजविलेलें अन्न मिळतें. आपल्याकडे तें बहुधा खिचडीच्या रूपानें ताटांत पडतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ह्या राष्ट्रीय योजनेस आरंभ झाला, आणि २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें अन्न शिजवूनच द्यावें असा हुकूम केला. शाळा बंद होतांच ही चूल विझली. तेव्हां १८ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा प्रश्न आपण होऊन हातीं घेतला व मुलांच्या जेवणाची काय व्यवस्था केली, असें सर्व राज्यांस विचारिलें. महाराष्ट्रांत मग शिजविलेल्या खिचडीच्या ऐवजीं तांदूळ व कडधान्यें असा कोरडा शिधा पालकांच्या हातीं देण्याचें ठरलें.

ह्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. प्राथमिक इयत्तेच्या मुलामागें दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ असें प्रमाण ठरलेलें आहे. शाळेचे साठ दिवस धरिले तर एका मुलाचा वांटा सहा किलो तांदूळ व सव्वा किलोस किंचित् कमी डाळ इतका होतो. हे आंकडे मोठे नाहींत. पण ज्या घरांतील मजुरी एकाएकीं थांबली होती, त्या घरास ही पिशवी किती मोलाची वाटली असेल! मात्र येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. शाळेंतील पातेल्यांत शिजलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटांत जाते. घरीं नेलेला शिधा घरच्या हंड्यांत पडतो आणि आजी, आजोबा, धाकटीं भावंडें अशा सर्वांत वांटला जातो. तो तसा वांटला जाणें हेंच कुटुंबाचें शील होय. त्याबद्दल कोणासही दोष देतां येणार नाहीं. पण म्हणूनच कोरडा शिधा ही शाळेच्या जेवणाची पुरी भरपाई नव्हे, तात्पुरता आधार होय, असें आम्हांस वाटतें.

शिधा नेण्यासाठीं पालक ठराविक दिवशीं, अंतरा-अंतरानें उभे राहून शाळेच्या अंगणांत येत. कित्येक शिक्षकांनीं हीच संधि साधिली. पिशवीबरोबर मुलाचीं पाठ्यपुस्तकें, पंधरा दिवसांच्या अभ्यासाचीं पानें व दोन शब्द विचारपुशीचे देण्यास त्यांनीं आरंभ केला. अन्नाची रांग हीच त्या दिवसांतील पालकसभा झाली.

आतां धड्यांची गोष्ट. एप्रिल २०२० पासून राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें 'अभ्यासमाला' सुरू केली. तींतील पाठ मोबाईलवरून शिक्षकांकडे व शिक्षकांकडून पालकांकडे जात. परंतु मोबाईल कोणाजवळ होता? देशाच्या ग्रामीण भागांत 'असर' ह्या नांवानें होणाऱ्या पाहणींत असें आढळलें कीं, शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन आहे अशांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० मध्यें ६१.८ वर गेलें. वाढ मोठी खरी. तथापि शंभरांतील अडतीस मुलांच्या घरीं तो नव्हताच. शिवाय घरांत फोन असणें आणि तो मुलाच्या हातीं असणें ह्यांतही अंतर आहे. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंस एका चिमुरडीचीं उत्तरें रोज रात्रीं दहाच्या सुमारास येत. कारण विचारितां कळलें कीं, वडील भाजीची गाडी घेऊन पहांटे निघत व फोन त्यांच्याबरोबर जाई. ते परतले, जेवले, म्हणजे मग मुलीची शाळा भरे. दोन भावंडें असलीं तर आधीं थोरल्याचा अभ्यास होई, आणि धाकटी तोंवर झोपीं जाई. बाईंनीं मग त्या मुलीसाठीं कागदावर मोठ्या अक्षरांत धडे लिहून शिध्याच्या पिशवींतून पाठविण्यास आरंभ केला. आईस वाचतां येत नव्हतें. पण मुलगी मोठ्यानें वाची व आई चुलीपाशीं बसून ऐके. ऐकणारें कोणी असलें म्हणजे वाचणाराचा हुरूप वाढतो, हा अनुभव त्या घरानें घेतला.

जेथें फोन पोंचला नाहीं तेथें इतर साधनें पोंचविण्याचे यत्न झाले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं सुरू झाली. तींत पुस्तकांतील पाठ घरांतल्या व परिसरांतल्या वस्तु घेऊन खेळासारखे शिकविले जात. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम ऐकूं येऊं लागला. पालघर जिल्ह्यांतील दांडवळ ह्या गांवीं ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यांत आले व मुलें उघड्यावर अंतर राखून बसलीं. सोलापूरच्या नीलमनगर भागांत, जेथें मजुरांची वस्ती दाट आहे, शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर अक्षरें, गणितें व आकृत्या रंगविल्या. मूल पाण्याचा हंडा भरावयास निघालें तरी वाटेंत पाढा वाचूनच पुढें जाई. भिंतीस वीज लागत नाहीं, भिंत कोणी कामावर घेऊन जात नाहीं, आणि तिच्यापुढें गरीब-श्रीमंत असा भेद उरत नाहीं. ह्या तीन गुणांमुळें ही युक्ति आम्हांस विशेष आवडली.

तिसरें व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे घराची खबर ठेवणें. ह्या काळांत शिक्षकांवर शाळेबाहेरचीही पुष्कळ कामें पडलीं. कोणी तपासणी नाक्यावर उभे राहिले, कोणी स्वस्त धान्याच्या दुकानावर देखरेख केली, तर १५ सप्टेंबर २०२० पासून चाललेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या मोहिमेंत कित्येकांनीं घरोघर जाऊन तपासणीच्या कामांत भाग घेतला. ह्या फेऱ्यांत त्यांस जें दिसलें, तें हजेरीपटावर कधींच दिसलें नसतें. कोणाचें बिऱ्हाड रातोरात गांवीं निघून गेलें होतें. कोणाची थोरली मुलगी अभ्यास सोडून घरकामास जुंपली गेली होती, आणि तिच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं होतीं. कोणाच्या घरीं मृत्यूनें घाला घातला होता. जून २०२१ मध्यें राज्य सरकारनें, कोरोनानें ज्यांचे आई व वडील दोघेही गेले अशा बालकांच्या नांवें प्रत्येकीं पांच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचें ठरविलें. पण अशीं मुलें शोधावयाचीं कोणीं? शोकानें बधिर झालेल्या आजीस दाखले कसे गोळा करावे हें कोणीं सांगावयाचें? ज्या गांवांत शिक्षकांचा घरोबा होता, तेथें हें काम सुकर झालें. सरकारी मदत हुकमानें मंजूर होते. ती दारापर्यंत पोंचते ओळखीनें.

ह्या सर्व यत्नांनीं नुकसान टळलें काय? तें कमी झालें, टळलें नाहीं. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा 'सेतु अभ्यासक्रम' घेण्यांत आला. तरी खांच मोठी होती. 'असर'च्या पाहणीप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचा उतारा वाचतां येतो, त्यांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतें, तें २०२२ मध्यें २०.५ वर उतरलें. पुढें २०२४ मध्यें तें पुनः २७.१ झालें, हें वाचून अनेकांनीं सुटकेचा निःश्वास टाकिला. आमची विनंति अशी कीं, येथें क्षणभर थांबून विचार करावा. २०२४ चीं तिसरींतील मुलें निराळीं होतीं. त्यांची शाळा बंद पडलीच नव्हती. २०२२ च्या तिसरींतील मुलांनीं मात्र पहिलीचें सबंध वर्ष व दुसरीचा बराच काळ घरीं काढिला होता. आंकडा सुधारला, म्हणून तीं मुलें सुधारलीं असें होत नाहीं. तीं आतां मोठ्या इयत्तांत इतिहास व विज्ञान शिकूं लागलीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांस अजूनही पान वाचतांना अडखळावें लागतें. असा मुलगा मठ्ठ नसतो, आळशीही नसतो. त्याचीं अक्षरें शिकण्याचीं वर्षेंच साथीनें हिरावून नेलीं.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस सांगणें कीं, शेजारच्या बांकावरील सोबती वाचतांना अडखळला तर हंसूं नका; मधल्या सुटींत त्याचेजवळ बसून पानभर ऐका. तुम्हीच अडखळत असाल तर लाजूं नका; गुरुजींस सांगा. पालकांस विनंति कीं, मुलास रोज पंधरा मिनिटें मोठ्यानें वाचावयास लावून तें ऐकावें. ऐकणारास साक्षर असण्याची अट नाहीं, हें त्या भाजीवाल्याच्या घरानें दाखविलेंच आहे. बिऱ्हाड बदललें वा फोनचा क्रमांक बदलला तर त्याच आठवड्यांत शाळेस कळवावें. आणि आम्हां शिक्षकांचें काम हें कीं, शाळा सुरळीत चालूं असतांनाच प्रत्येक मुलाचें घर एकदां तरी पाहून ठेवावें. पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण ती आली आणि दारें पुनः मिटलीं, तर कोणत्या मुलाचें दार कोणत्या गल्लींत आहे, हें त्या दिवशीं शोधीत बसण्याची पाळी आपणांवर येऊं नये.