वीस पायऱ्यांचे गणित

शाळेच्या पहिल्या मजल्यावर जायला साधारण वीस पायऱ्या चढाव्या लागतात. एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर चढण झाली ३ मीटर. नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे : ६० किलो वजनाच्या माणसाला स्वतःला एवढे वर न्यायला सुमारे १,७६० ज्यूल कार्य करावे लागते, तर ९० किलोच्या माणसाला सुमारे २,६५०. वजन दीडपट, काम दीडपट.

आमच्या परिचयातील एक शिक्षिका स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार संपवून शाळेत रुजू झाल्या, तेव्हा मात्र हे गणित जुळेना. आजारापूर्वी त्यांचे वजन ८२ किलो होते, उपचारांनंतरही ८२च. पूर्वी एका दमात चढणारा जिना आता दोनदा थांबून चढावा लागे. 'वजन उतरले नाही, म्हणजे तब्येत चांगली' असे घरचे म्हणत. त्यांचा दुसरा सल्ला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे : पडून राहा, तुपाचे खा, ताकद भरून येईल.

गोम अशी की वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. रसायनोपचारांच्या काळात हालचाल मंदावते. मळमळ थांबवण्यासाठी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडे देतात. ती भूक वाढवतात, आणि बराच काळ घ्यावी लागली तर मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू झिजवतात. चार किलो स्नायू गेले आणि चार किलो चरबी आली, तर काटा जागचा हलत नाही. जिन्यावर ओझे तेवढेच राहते, ते उचलणारे मात्र कमी झालेले असतात.

हे दुर्लक्षण्यासारखे नाही. कॅनडातील कार्ला प्राडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फुप्फुसाच्या व पचनमार्गाच्या कर्करोगाच्या २५० लठ्ठ रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचे क्षेत्रफळ किती, ते त्यांनी मोजले. सुमारे १५ टक्के रुग्णांत ते फारच कमी भरले, आणि हेच रुग्ण इतरांच्या मानाने कमी काळ जगले. बाहेरून पाहताना ही माणसे धष्टपुष्टच दिसत होती.

म्हणून अशा रुग्णासाठी व्यायाम आखताना 'किती किलो घटवायचे' हा पहिला प्रश्न असूच नये. नुसती उपासमार आणि नुसते चालणे यांनी चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातात. लॉस एंजेलिसमध्ये क्रिस्टिना डिएली-कॉनराइट यांनी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार नुकतेच संपलेल्या, वजन जास्त असलेल्या १०० स्त्रिया घेतल्या. त्यांतील निम्म्यांना १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दमसासाचे आणि वजने उचलण्याचे असे दोन्ही व्यायाम देखरेखीखाली दिले. २०१८ साली निष्कर्ष आले : स्नायू वाढले, चरबी घटली, रक्तातली साखर व रक्तदाबही सुधारला.

वजने उचलण्याचे नाव काढताच पुष्कळ जणी दचकतात. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते. म्हणून 'त्या हाताने जड काही उचलू नका' असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. आमच्या बाईंनी तर वह्यांचा गठ्ठाही उचलणे सोडले होते. फिलाडेल्फियात कॅथरिन श्मिट्झ यांनी आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर हे तपासून पाहिले. अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, हातावर घट्ट बाही, आणि त्रास झाला नाही तरच पुढची पायरी. वर्षाअखेर (निष्कर्ष २००९) सूज बळावण्याचे प्रमाण वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९ टक्के! न वापरलेला हात दुबळा होतो आणि मग रोजच्या पिशवीचाही त्याला ताण होतो, हे त्यामागचे बहुधा खरे कारण.

आखणीची सुरुवात रुग्णाच्या कागदपत्रांपासून होते. डॉक्सोरुबिसिन दिले असेल तर हृदय तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन पाहावे. रोग हाडांत पसरला असेल तर वाकण्या-पिळण्याचे व्यायाम नकोत. काही औषधांनी तळपाय बधिर होतात. अशा माणसाला खडबडीत रस्त्यावर चालायला लावणे म्हणजे पाडणेच. त्याला जागेवरची सायकल द्यावी. जड शरीराचा भार तिची बैठक पेलते आणि गुडघे सुटतात. १९८०च्या दशकात ओहायोत मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम या परिचारिका-संशोधकांनी रसायनोपचार चालू असलेल्या स्त्रियांना हीच सायकल दिली होती, तीही थोडे जोरात, थोडे सावकाश अशा आवर्तनांनी.

वेग किती हवा? रक्तक्षय असला किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्या, तर नाडीचे ठोके फसवतात. त्यापेक्षा बोलून पाहावे. वाक्य पुरे करता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. जड माणूस हा वेग हळू चालूनही गाठतो; कारण वर केलेल्या गणितात आहेच.

आमच्या बाईंनी डॉक्टरांना विचारून खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून आरंभ केला. पहिल्या दिवशी चार वेळा जमले. रसायनोपचारांच्या थकव्यात रोजचा आकडा वाढत नाही, कधी मागेही जातो. तो तसाच वहीत मांडला. पाच महिन्यांनी त्या वह्यांचा अर्धा गठ्ठा घेऊन जिना चढतात, एकदाच थांबतात. उतरताना गुडघा कुरकुरतो, म्हणून कठडा धरतात. वजन ८१ किलो आहे.