काकांची जीप रडत का होती?

गेल्या पौष महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला काकूला कळा सुरू झाल्या. दवाखाना तालुक्याला. काकांनी जीपची किल्ली फिरवली, तर गाडी नुसती "घर्र... घर्र..." करून रडायला लागली. शेवटी आम्ही सगळ्यांनी ती उतारावर ढकलली, काकांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा कुठे चालू झाली. काकू वेळेवर पोचली म्हणून बरं!

दुकानदार म्हणाला, नवी बॅटरी टाका. पण बॅटरी काय फुकट मिळते? काकांनी मिस्त्रींना बोलावले. बॅटरी धरायला मी होतो, म्हणजे हातातली हो!

मिस्त्रींनी आधी विचारले, "इंजिन फिरतं पण पेटत नाही, की फिरतंच हळू?" हे दोन वेगळे आजार आहेत. भराभर फिरून पेटत नसेल तर बहुतेक डिझेल पोचत नाही. हळू फिरत असेल तर सेल्फला वीज कमी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. हळू फिरले तर हवा पुरेशी तापतच नाही. त्यात थंडीने ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचाही जोर कमी होतो.

मग मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२ च्या आसपास असती तर जवळजवळ रिकामी. पण नुसते एवढे पाहून भागत नाही, म्हणून दिवे लावून काकांना किल्ली मारायला सांगितली. बॅटरी दमलेली असली की दिवे अगदी मंद होतात आणि व्होल्ट साडेनऊच्या खाली जातात. आमचे दिवे मात्र छान राहिले, व्होल्टही फारसे उतरले नाहीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटीही नव्हती.

"मग वीज वाटेत अडते," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली. किल्ली मारताना तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. आमच्या जीपला दोनच्या वर दिसला! इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी होती, तिचा नट सैल आणि खाली गंज. हात लावला तर नट चांगलाच गरम लागला. वीज तिथेच उष्णता होऊन वाया जात होती.

बॅटरीची वजा वायर आधी सोडली (ती सोडताना पहिली आणि लावताना शेवटची), पॉलिश कागदाने गंज घासला, नट आवळला, वर ग्रीस लावले. किल्ली मारताच जीप एका झटक्यात चालू.

बॅटरी अजून तीच आहे. बाळाला लस द्यायला परवा आम्ही त्याच जीपने गेलो होतो.

– इयत्ता सातवी