खेळण्यातला रस्ता आणि खरे तारण

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. कोणतीही वस्तू समोर आली, की ती सुंदर आहे की नाही हे त्याला नंतर दिसते; आधी मनात प्रश्न येतो, उद्या ही जप्त करायची वेळ आली तर लिलावात काय मिळेल? ताजमहालापुढे उभा राहूनही मी हाच विचार केला, असे आमच्या घरात हसत सांगितले जाते. ते खरे नाही; पण अगदीच खोटेही नाही.

अशा माणसाला गेल्या वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून मुलाचा फोन आला. "बाबा, मी एका भागीदाराबरोबर रेसवे काढतोय. साठवलेले पैसे घालावे म्हणतो." मला वाटले, मोटारींच्या शर्यतींचे मैदान. "नाही हो, खेळण्यातल्या मोटारी. लाकडी ट्रॅकवर विजेवर पळतात. लोक तासावर पैसे देऊन खेळतात." मी फोनवरच नकार कळवून टाकला, जणू त्याने माझ्याकडे कर्जाचा अर्जच केला होता. दोन दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. "बाबा, तुम्ही एकदा येऊन बघा आणि मग काय ते सांगा. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल." मी गेलो, ते प्रस्ताव फेटाळण्याच्या तयारीनेच.

या खेळाला स्लॉट कार म्हणतात. जेमतेम वीतभर लांबीची मोटार, तिच्या पोटाखाली एक छोटी जीभ, आणि ट्रॅकमध्ये त्या जिभेसाठी कोरलेली खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. त्यांतून वीज मोटारीला मिळते. खेळणाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखा चाप. दाबाल तितका वेग. सुकाणू नाहीच. मग यात कौशल्य ते काय, असे मला वाटले होते. पहिल्याच वळणावर माझी मोटार खाच सोडून भिंतीवर आपटली, तेव्हा कळले. चाप सोडला की मोटारीची दोन टोके एकमेकांना जोडली जातात आणि तीच मोटर उलटी जनित्र बनून चाकांना धरते. चाप कधी सोडायचा, हेच सगळे शहाणपण.

मुलाचा भागीदार म्हणजे सत्तरी ओलांडलेला एक अमेरिकन सुतार. शहराबाहेर भाड्याच्या गोदामात दोघांचे काम चालले होते. घरातला ट्रॅक प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा असतो. खोक्यातून काढायचा, जोडायचा, दिवाळीची सुटी संपली की परत खोक्यात. धंद्याचा ट्रॅक म्हणजे दिवाणखान्याहून मोठे टेबलच. आठ जण एका वेळी खेळणार म्हणून आठ खाचा, दोन खाचांत चार इंचांचे अंतर, एक फेरी सुमारे 120 फुटांची. मी सवयीने हिशेब केला: कोरायची खाच 960 फूट आणि दुतर्फा लावायची पट्टी 1920 फूट. खाच रुंदीला इंचाचा आठवा भाग. एवढ्या लांबीत कुठे एक ठिकाणी हात हलला, तर प्रत्येक मोटार रोज तिथेच अडखळणार.

पण ती खाच हाताच्या अंदाजाने कोरतच नाहीत. लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळ्या, ज्यांना एमडीएफ म्हणतात, त्या आधी काही दिवस गोदामात नुसत्या ठेवतात, म्हणजे तिथली हवा त्यांना मानवते. दमट हवेत हे लाकूड फुगते आणि खाच आवळते. म्हणून रंगही दोन्ही बाजूंनी. मग लवचीक लांब पट्टी फळीवर वाकवून स्क्रूने बसवतात आणि तिच्या कडेने राउटर फिरवतात. सरळ रस्त्यावरून एकदम गोल वळणात मोटार घातली तर ती उडते. वळण हळूहळू घट्ट होत गेले पाहिजे, रेल्वेच्या रुळांसारखे. ती लवचीक पट्टी असे वळण आपसूक घेते. म्हातारबुवा ती वाकवत आणि एक डोळा मिटून नुसते बघत राहत. मला आमच्या गावचा सुतार आठवला. तोही असाच दाराची चौकट एका डोळ्याने बघायचा.

सगळ्यांत मजेचे ते उंच कलतीचे वळण. फळीतून सपाट चंद्रकोर कापतात, तिच्यावर खाचा कोरतात आणि मग तिची दोन टोके जवळ ओढतात. बाहेरची कड आपोआप उभी राहते, आणि सपाट फळीचा सुपासारखा उतार होतो. खालून आधार दिले की झाला घाट.

पट्टी म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची चपटी वेणी. ती चपला चिकटवायच्या असतात तसल्या सोल्यूशनने खाचेच्या कडेला बसवतात, आणि तीसुद्धा आजूबाजूच्या लाकडापेक्षा केसभर खाली. हे काम माझ्या वाट्याला आले. गुडघे टेकून चार दिवस मी वेणी चिकटवत होतो. ट्रॅकखाली जाड तारा फिरवून दर पंधरा-वीस फुटांवर वेणीला वीज द्यावी लागते. नाहीतर पुरवठ्यापासून दूर गेलेली मोटार मंदावते. शेवटच्या नळाला पाणी येत नाही, त्यातलाच प्रकार.

एक शंका मी बँकेतल्या तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात काढली. आतली खाच जवळची, बाहेरची लांबची. मग हा अन्याय नाही का? साध्या गोलात पहिल्या आणि आठव्या खाचेत जवळजवळ पंधरा फुटांचा फरक पडतो. म्हातारबुवा म्हणाले, म्हणून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पूल घालतात. एका बाजूला आत असलेली खाच दुसऱ्या बाजूला बाहेर येते. शिवाय शर्यतीत प्रत्येकाला आठही खाचांवर सारखा वेळ खेळायला मिळतो आणि एकूण फेऱ्या मोजतात. कोणालाच कायमची आतली जागा नाही. आमच्या खात्यात बदल्यांचे धोरण याहून बरे नव्हते.

पण धंद्याचे काय? संध्याकाळी मी इतिहास वाचायला बसलो, आणि तो वाचून माझा नकार अधिकच पक्का झाला. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली स्केलेक्स्ट्रिक हा खेळ बाजारात आणला. 1960 नंतर अमेरिकेत त्याचे वेड पसरले. 1965-66 च्या सुमारास तिथे धंदेवाईक रेसवे हजारोंनी निघाले. एल्व्हिस प्रेस्लीने तर ग्रेसलँडच्या आपल्या घराला त्यासाठी वेगळी खोली जोडली. आणि दशक संपता संपता बहुतेक रेसवेंना कुलपे लागली. प्रेस्लीच्या खोलीतही पुढे त्याची पारितोषिके मांडली गेली. गल्लोगल्ली दुकाने झाली, हे एक कारण. दुसरे अधिक बोलके आहे. पट्टीचे खेळाडू मोटारी वेगवान करत गेले. आजही 155 फुटांच्या मोठ्या ट्रॅकवर नामांकित मोटारी दीड सेकंदाच्या आत फेरी पुरी करतात, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेग. असल्या मोटारींपुढे भाड्याची मोटार घेऊन आलेला दहा वर्षांचा मुलगा हरतो, आणि दुसऱ्या रविवारी येत नाही. दुकानाचे भाडे मात्र त्याच मुलाच्या पैशांतून निघत होते.

म्हातारबुवांना हे मी विचारले. ते चौदा वर्षांचे असताना त्यांच्या गावचा रेसवे बंद पडला होता. "मालकाने ट्रॅक करवतीने कापला," ते म्हणाले. "एकसंध बांधला होता. दारातून निघेना. घ्यायला माणूस तयार होता, पण न्यायचा कसा?" मग त्यांनी मला ट्रॅकखाली वाकायला लावले. आमचा ट्रॅक अकरा भागांत होता. भागाला भाग नटबोल्टने जोडलेला, तारांना प्रत्येक सांध्यावर जोडण्या, आणि कोणताही भाग गोदामाच्या दारापेक्षा रुंद नाही. हलवायच्या वेळी वरची वेणी तेवढी सोलून टाकायची. ती नवी बसवता येते. त्या काळातले काही ट्रॅक असेच सुटे होऊन, वखारींत पडून, पुन्हा दुसऱ्या गावी उभे राहिले आहेत. बुवा सोपेपणाने म्हणाले, "दुकान बंद पडणारच, कधी ना कधी. ट्रॅकने का मरावं?"

ते ऐकले आणि मला 1991 साल आठवले. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. जत्रेत मौत का कुआँ चालवणारा एक मनुष्य कर्ज मागायला आला. विहिरीच्या फळ्या कुजल्या होत्या, नव्या हव्या होत्या. फार मोठी रक्कम नव्हती. कागद तपासून मी शेरा मारला: 'मालमत्ता फिरती व सुटी होणारी. तारणास अयोग्य.' तो म्हणाला, "साहेब, सुटी होते म्हणून तर पोट चालतं. एका गावात चालली नाही तर दुसऱ्या गावात उभी करतो." मी ऐकून घेतले आणि पुढचा अर्ज उघडला. पुढच्या वर्षी जत्रेत ती विहीर नव्हती. का नव्हती, हे मी विचारायला गेलो नाही.

नियमाप्रमाणे मी चूक केली नव्हती. तरीही ओहायोतल्या त्या गोदामात, ट्रॅकखाली वाकलेल्या अवस्थेत, मला वाटले की मी त्या माणसाचा सर्वांत मोठा गुण दोषाच्या रकान्यात लिहिला होता. जमिनीत रुतलेले ते भक्कम, असे आम्ही मानत आलो. पण रुतलेली किती तरी भक्कम तारणे मी लिलावात मातीमोल होताना पाहिली आहेत.

परत निघण्याच्या आदल्या रात्री मी मुलाला चार ओळी लिहून दिल्या. राहते घर गहाण टाकायचे नाही. नोकरी वर्षभर सोडायची नाही. जागेच्या भाडेकरारात ट्रॅक आपल्या मालकीचा आणि काढून नेण्याजोगा आहे, असे स्पष्ट लिहून घ्यायचे. शनिवार-रविवार नवख्या मुलांचे, वाढदिवसांचे, मंद मोटारींचे. तरबेज मंडळींनी मंगळवारी रात्री यावे. खाली सही केली आणि तारीख घातली. सूनबाईंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे मंजूर की नामंजूर?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "अटींवर मंजूर." त्यांचे समाधान झालेले नव्हते, हे मला दिसत होते. ते इतक्या लवकर होऊही नये. घरात एक जण तरी लेखापरीक्षक हवाच.

त्याच रात्री ट्रॅक पहिल्यांदा चालू केला. या खेळात एक चांगला रिवाज आहे. आपली पाळी संपली की वळणावर उभे राहायचे आणि इतरांच्या घसरलेल्या मोटारी उचलून परत खाचेत ठेवायच्या. त्याला मार्शल म्हणतात. शेजारचा एक मुलगा खेळत होता. पहिल्याच फेरीत त्याची मोटार घाटावरून उडाली आणि माझ्या पायाशी पडली. त्याने चाप सोडून माझ्याकडे पाहिले. मी मोटार उचलली, जीभ खाचेत बसवली आणि हात मागे घेतला. ती निघाली. पुढच्या वळणाला पुन्हा पडली. मी पुन्हा वाकलो.