जुन्या मोटारीत वीज कुठे मुरते?

मोटारीचे दिवे मंदावले की आपण प्रथम दोष कोणाला देतो? बॅटरीला. ती बदलून भागले नाही, तर डायनॅमोला. आणि तोही बदलून झाला, की मग मोटार बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना! माझ्या एका स्नेह्याने हे तिन्ही टप्पे रीतसर पार पाडले आहेत. ते इंग्लंडात लेस्टरला असतात. त्यांच्याकडे १९६५ सालची एम. जी. बी. ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार आहे. गॅरेजवाल्याने बॅटऱ्या बदलल्या, डायनॅमो बदलला, पैसे घेतले. दिवे आपले पिवळे ते पिवळेच. मी भौतिकशास्त्र शिकवतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला त्या गाडीपुढे उभे केले.

ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. पाच लाखांवर गाड्या निघाल्या. तिची विजेची सामग्री बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीची. या कंपनीच्या नावावर इंग्रज लोक भारी विनोद करतात; तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. पण पन्नास-साठ पावसाळे खाल्लेल्या जोडांचे पाप बनवणाऱ्याच्या माथी मारणे मला तरी पटत नाही.

घरात विजेला यायला एक तार असते आणि परतायला दुसरी. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. दिव्याची काळी तार पत्र्याला जोडली की झाले. यालाच अर्थिंग म्हणायचे. आता पत्रा गंजतो, रंगवाला त्यावर रंग फासतो, आणि तारांची पितळी टोके ज्या नळ्यांत खुपसलेली असतात त्यांत ओल शिरते. वीज जाताना कोणी पाहत नाही, येताना मात्र सगळे पाहतात!

थोडा हिशेब करू. १२ व्होल्टवर ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम. वाटेत एखाद्या गंजक्या जोडाने ०.६ ओहमची भर घातली, तर एकूण झाले ३ ओहम आणि प्रवाह उतरला ४ अँपिअरवर. दिव्याच्या वाट्याला आले ९.६ व्होल्ट. दाब पाचव्या हिश्श्याने कमी झाला, मग उजेडही तेवढाच घटेल असे तुम्ही म्हणाल. तसे होत नाही. तंतू थंडावला की उजेड फार झपाट्याने उतरतो. इथे तो निम्म्यावर येतो. आणि त्या जोडात सुमारे साडेनऊ वॉट उष्णता फुकट निर्माण होत राहते, ती वेगळीच.

म्हणून सुटे भाग बदलण्याआधी मोजा. दिवा पेटता ठेवा. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगकडील टोकाला आणि दुसरे दिव्याच्या काळ्या तारेला लावा. काटा शून्याजवळच राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दाखवला तरी वाट खराब समजा. दिवा बंद करून ओहममीटरने तपासू नका. चौदा धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला, तरी त्या यंत्राचा इवलासा प्रवाह सहज पार होतो आणि तार उत्तम असल्याचा दाखला मिळतो! मागचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकताना शेजारचा लाल दिवाही त्याच्या तालावर मंद होत असेल, तर मोजण्याचीही गरज नाही. दोघांचे अर्थिंग गेले आहे.

इंजिनाला पत्र्याशी जोडणारी जाड पट्टी मात्र आधी पाहा. स्टार्टर दोनशे अँपिअर ओढतो असे धरा. ही पट्टी तुटली तर तो प्रवाह चोकच्या बारीक तारेतून वाट काढतो आणि ती तार लालभडक होऊ शकते. शेजारी पेट्रोल असते, हे सांगायला नकोच. सुरुवातीच्या एम. जी. बी.ला दोनच फ्यूज कामाचे, आणि मोठ्या दिव्यांच्या वाटेवर तर एकही नाही. बॅटरीकडून येणारी तपकिरी तार घासून पत्र्याला टेकली, तर तिला अडवणारे कोणी नाही. तिथे फ्यूज बसवून घ्यावा, आणि बॅटरीशी एक तोडस्विच. जळलेल्या फ्यूजला चांदी गुंडाळणाऱ्या माणसाला गाडीजवळ फिरकू देऊ नये.

आणखी एक. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. आज सर्वत्र ऋण टोक जोडतात. नवा रेडिओ आजच्या रीतीने लावलात, तर तो क्षणात कामातून जाईल. मीटरची टोकेही उलटी धरावी लागतात. मी पहिल्यांदा सरळ धरली होती आणि काटा मागे पळाला, हे स्नेह्यांच्या नजरेतून सुटले नाही.

पुढच्या जाळीमागे, दिव्यांच्या काळ्या तारा एकत्र येतात त्या जोडावर मीटरने दोन व्होल्टांहून अधिक दाखवले. बॅटरी सोडवली, टोके सँडपेपरने घासली, नळी नवी घातली. खर्च चहाच्या एका कपाइतका. त्या रात्री समोरच्या भिंतीवर लख्ख पांढरा उजेड पडला, आणि काढून ठेवलेला जुना डायनॅमो मीटर लावून पाहिला तर तोही ठणठणीत निघाला.