‘काय करायलास?’चं व्याकरण

बीडकडं ओळखीचं माणूस भेटलं की विचारतात, ‘काय करायलास?’ पुण्या-मुंबईकडं अनेकांना हे ‘काय करतो आहेस’चं मोडकं रूप वाटतं. हा समज चुकीचा आहे, आणि शेजारी स्पॅनिश ठेवली की तो का चुकीचा हे लवकर कळतं. स्पॅनिशमध्ये ‘देसीर’ म्हणजे सांगणं, ‘मे’ म्हणजे मला, ‘लो’ म्हणजे ते. ‘मला ते सांगणं’ म्हणायचं तर दोन्ही सर्वनामं क्रियापदाच्या मागं चिकटून ‘देसीर्मेलो’ हा एकच शब्द होतो. आधी ज्याला सांगायचं तो, मग जे सांगायचं ते. हा क्रम उलटत नाही. शब्द लांबला तरी आघात ‘सी’वरच असतो, आणि तो दाखवायला लिहिताना तिथं खूण देतात. या जोडणीला कुणी गावंढळ म्हणत नाही. १७१३ साली माद्रिदला स्थापन झालेली भाषा-अकादमीही तिला नियमच मानते. ‘करायलास’ हीही अशीच जोडणी आहे.

कुणी म्हणेल, तिथं नियम आहे, इथं नुसता जिभेचा आळस. ‘कराय लागलास’मधला ‘लाग’ गिळला, एवढंच. उगम तोच असेलही. पण आता या रूपाला स्वतःची शिस्त आहे. ‘ती काम करायला गेली’ यातला ‘ला’ बाईसाठीही बदलत नाही. ‘ती काम करायली’ यात मात्र तो ‘ली’ होतो. मी पुरुष असेन तर ‘करायलो’, समोरच्याला ‘करायलास’. दिसायला सारखे असणारे हे दोन ‘ला’ बीडचं शाळेत न गेलेलं पोरही कधी एकमेकांत मिसळत नाही. आळसाला इतकं नेमकं वागता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्पॅनिश कर्माचं सर्वनाम जोडते, बीडची बोली कर्त्याची खूण. फरक खरा आहे, आणि तो पुसण्याचं कारण नाही. पण ‘तू भाकरी खाल्लीस’ हे प्रमाण मराठीच आहे ना? त्यातली ‘ई’ भाकरीची, ‘स’ खाणाऱ्याचा. खाल्लेली वस्तू आणि खाणारा माणूस, दोघंही एकाच क्रियापदावर बसलेत. ‘करायलास’मधला ‘स’ही तोच. पुस्तकातल्या ‘खाल्लीस’ला शुद्ध म्हणायचं आणि बीड जिल्ह्यातल्या ज्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर मराठी ओव्या लिहिल्या, तिथल्या ‘करायलास’वर वहीत लाल रेघ मारायची, याला व्याकरणाचा कसलाही आधार नाही.