वर्डमधलं चित्र विकलं जातं ते कसं?

नायजेरियाचा ओसिनाची हा चित्रकार मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये चित्रं काढतो. हो, ज्यात आपण रजेचा अर्ज टाइप करतो त्याच वर्डमध्ये. ‘इन्सर्ट’मधून आकार घ्यायचा, कडेचे बिंदू ओढून त्याला हवं ते वळण द्यायचं, आत रंग किंवा पोत भरायचा आणि तो दुसऱ्या आकाराच्या मागे सरकवायचा. अशा असंख्य तुकड्यांतून गडद काळ्या कांतीची, नक्षीदार कपड्यांतली माणसं उभी राहतात. आफ्रिकी पुरुषानं कसं दिसावं, कुणावर प्रेम करावं याबद्दलच्या ठरीव समजुतींना ती बिनबोभाट धक्के देतात. लंडनला २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेनं विक्रीला ठेवलेली त्याची ‘डिफरंट शेड्स ऑफ वॉटर’ ही मालिका ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या १९७२ सालच्या गाजलेल्या तलावाच्या चित्रावरून सुचली. हॉकनीच्या तलावापाशी दोन गोरे पुरुष आहेत, ओसिनाचीच्या तलावापाशी काळी माणसं. या एका बदलानं साधं पोहणंसुद्धा हक्काची गोष्ट होऊन बसतं.

आता व्यवहाराकडे येऊ. कॅनव्हासवरच्या चित्राची मूळ प्रत एकच असते. संगणकावरच्या फाइलची नक्कल मात्र मुळाइतकीच अस्सल, तिच्यात तसूभरही फरक नाही. मग संग्राहक पैसे मोजतो ते कशाचे? मालकीच्या नोंदीचे. एनएफटी म्हणजे तीच नोंद.

चित्र पूर्ण झालं की त्याची प्रतिमा-फाइल बनवतात आणि ती बहुधा आयपीएफएस या विखुरलेल्या साठवण-जाळ्यावर ठेवतात. तिथे फाइलचा पत्ता तिच्यातल्या मजकुरावरूनच गणितानं काढला जातो. एका ठिपक्याचा रंग बदलला तरी पत्ता बदलतो, त्यामुळे गुपचूप फेरफार करता येत नाही. मग चित्राचं नाव, वर्णन आणि हा पत्ता अशी एक छोटी माहिती-फाइल तयार होते. शेवटी कलाकार आपल्या डिजिटल वॉलेटमधून इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकदम ठेवलेल्या जाहीर नोंदवहीत, एक टोकन ‘मिंट’ करतो, म्हणजे नव्यानं नोंदवतो. हेच एनएफटी. टोकनाला स्वतःचा क्रमांक असतो, त्या माहिती-फाइलकडे बोट असतं आणि सध्याच्या मालकाच्या वॉलेटचा पत्ता असतो. विक्री झाली की फक्त मालकाचा पत्ता बदलतो. जुने मालक पुसले जात नाहीत, सगळी साखळी कुणालाही वाचता येते.

सातबारा डोळ्यांसमोर आणा. उतारा म्हणजे जमीन नव्हे, ती महसुली नोंद. नवं नाव लागतं ते फेरफारानं. इथेही तसंच. चित्र स्वतः ब्लॉकचेनवर सहसा नसतंच, ते तिथे ठेवणं फार महाग पडतं. शिवाय वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो. टोकन घेतलंत म्हणून ते चित्र टी-शर्टवर छापून विकता येणार नाही.

या पद्धतीची सगळ्यांत कच्ची जागा अगदी सुरुवातीला आहे. ‘हे टोकन अमुक वॉलेटनं बनवलं’ एवढंच ब्लॉकचेन सांगते. ते वॉलेट खरोखर चित्रकाराचं आहे का, हे ती तपासत नाही. दुसऱ्याचं चित्र उचलून कुणीही मिंट करू शकतो. ओपनसी या मोठ्या बाजारानं जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं, की त्यांच्या फुकट मिंट करण्याच्या सोयीतून आलेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोरीच्या, बनावट किंवा कचरा होत्या. म्हणून जाणता संग्राहक चित्राआधी मिंट करणारा पत्ता पाहतो आणि कलाकारानं जाहीर केलेल्या पत्त्याशी ताडून घेतो. फाइल साठवून ठेवायची जबाबदारी कुणाची, हेही विचारतो. आयपीएफएसवर ती कुणीच सांभाळली नाही, तर टोकन राहतं आणि चित्र नाहीसं होतं.

मार्च २०२१ मध्ये बीपल या डिजिटल चित्रकाराचं काम ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं आणि सगळी चर्चा किमतींभोवतीच फिरू लागली. २०२२ मध्ये बाजार कोसळला. ब्लॉकचेन फार वीज खाते हा आक्षेप मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात बराचसा निकालात निघाला, कारण इथेरियमनं व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

कलाकारांना खरी ओढ होती ती पुनर्विक्रीतल्या वाट्याची. चित्र पुन्हा विकलं गेलं की दर वेळी, बहुधा १० टक्क्यांपर्यंत, रक्कम त्यांच्याकडे येणार होती. गॅलरीच्या जगात असा वाटा अनेकदा प्रत्यक्षात हाती पडतच नाही, म्हणून लागोस किंवा नागपूरच्या चित्रकाराला याचं अप्रूप वाटलं तर नवल नाही. पण टोकनात लिहिलेला हा वाटा बहुतेक वेळा नुसती सूचना असते, द्यायचा की नाही ते बाजार ठरवतो. ओपनसीनं ऑगस्ट २०२३ पासून तो नव्या कामांसाठी विक्रेत्याच्या मर्जीवर सोडला. आपल्याकडे कर मात्र कुणाच्या मर्जीवर नाही: एप्रिल २०२२ पासून अशा टोकनांच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.