फोमची पालवी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि हिशेब यांवरील लेखांस वाण नसते, आणि ते असावेतही. यंदा मात्र मी एखाद्या घरगुती छंदाविषयी लिहावे असा संपादक-मंडळाने आग्रह धरला. माझे सारे आयुष्य गाद्यागिरद्यांच्या दुकानात गेले. छंद म्हणावा असे जे थोडे माझ्यापाशी आहे ते नातवामुळे उतारवयात अंगास चिकटले, आणि मौज अशी की तेही दुकानातल्याच मालाचे निघाले.

आमच्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले उभारतात. दगड-विटांची रास, तिच्यावर भिजलेले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवराय आणि वाटेवाटेवर मावळे. डोंगर हिरवा दिसावा म्हणून चिखलात मोहरी, हळीव किंवा नाचणी पेरावयाची, ही पूर्वापार रीत. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि किल्ला खरोखरच सजीव दिसतो. परंतु हळिवाचा एक कोंब मावळ्याच्या खांद्याशी लागतो. त्याला गवत म्हणावे तर फार मोठे, आणि झाड म्हणावे तर फांदी नाही. शिवाय दिवाळी सरताच ते कोवळे अंकुर उपटून टाकणे माझ्या आईला कधीच रुचले नाही. आम्हां भावंडांना तिने एकदाच पेरू दिले होते.

दोन वर्षांपूर्वी नातवाने माझ्यापुढे एक इवलेसे पाकीट ठेवले. आत मूठभर हिरवा चुरा; किंमत दोनशे दहा रुपये. लहान आकाराच्या डोंगर-देखाव्यांवर झाडी म्हणून हा पसरतात, असे त्याने सांगितले. मी चिमटीत घेऊन पाहिला. चाळीस वर्षे ज्या वस्तूवर हात फिरवला ती बोटांना कळणार नाही असे कसे होईल?

“अरे, हा तर आपल्या दुकानातला फोम!” मी म्हणालो. “आपल्या कापणीच्या टेबलाखाली पडतो तो.”

ते तुकडे आम्ही पोत्यांत भरून वजनावर विकतो. त्यांचा पुन्हा दाबून गठ्ठा होतो आणि तो रिबाँडेड गादीच्या पोटात जातो. पोत्याचा भाव एका पारड्यात आणि चिमटीचा भाव दुसऱ्या पारड्यात घालून पाहिल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला. घरीच करू, असे मी नातवास वचन देऊन बसलो.

हा पदार्थ झाडीसाठी इतका योग्य का, हे मला धंद्यात असूनही ठाऊक नव्हते. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलीयुरेथेन सिद्ध केले. त्याचा मऊ फोम बाजारात आला तो १९५० नंतरच्या दशकात. दोन द्रव एकत्र येताना त्यांत पाण्याचा अंश असला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, सोडा घातलेले पीठ फुगावे तसे मिश्रण फुगते आणि फुगलेल्या अवस्थेतच घट्ट होते. फोम म्हणजे असंख्य फुटक्या बुडबुड्यांचे जाळेच. तो सुरीने कापला तर कड सरळ येते. पण फाडला किंवा दळला तर प्रत्येक कणाला अनेक टोके आणि पोकळ्या राहतात. पोकळ्यांत सावली साठते, टोकांवर उजेड पडतो. दुरून पाहिलेल्या पानांच्या झुबक्यातही असेच घडते. थर्मोकोलचे तसे होत नाही. त्याचे गोल मणी सुटतात आणि हाताला चिकटत राहतात, म्हणून त्याच्या वाटेस जाऊ नये.

युरोप-अमेरिकेत खेळण्यातील आगगाड्यांभोवती डोंगर व गावे रचण्याचा छंद फार जुना आहे. तेथे पूर्वी गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा आणि झाडांसाठी ग्लिसरीनमध्ये मुरवलेली, आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीची वनस्पती वापरीत. काही जण समुद्रातील नैसर्गिक स्पंजाचे तुकडे लावीत. स्पंज हा एका जीवाचा सांगाडा होय, हे कळल्यावर आमच्या घरी तो विषय तेथेच मिटला. फोमचा चुरा पाकिटांतून सर्वत्र पोहोचवणाऱ्यांत १९७५ साली स्थापन झालेली वूडलँड सीनिक्स ही अमेरिकन कंपनी अग्रेसर ठरली. आज हॅम्बुर्ग बंदरात, जेथे एके काळी कॉफी, चहा आणि मसाल्याचे पदार्थ साठवीत त्या जुन्या वखारींच्या वस्तीत, २००१ साली उघडलेले मिनिआटूर वुंडरलांड हे अशा देखाव्यांचे प्रचंड प्रदर्शन आहे. इतके दूर जावयाचे नसेल त्यांनी पुण्यास कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९८ साली सुरू झाले.

आता आमची फजिती. पहिल्या खेपेस मी कोरडा फोम स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये घातला. पाते फिरले, तुकडे वर उडून झाकणाला चिकटले, मोटार तापली आणि घरभर वास सुटला. सूनबाईंनी एक शब्दही न बोलता ते भांडे उचलून माझ्या खोलीत आणून ठेवले; त्यात पुन्हा चटणी वाटली गेली नाही. जो काही चुरा निघाला तो आम्ही पोस्टर-रंगात बुडवला, वाळवला आणि किल्ल्यावर पसरून त्यावर पातळ केलेले फेव्हिकॉल फवारले. पाण्याचा स्पर्श होताच रंग सुटला. सकाळी पाहतो तो बुरुजांवरून हिरवे ओघळ खाली आलेले आणि महाराजांच्या सिंहासनाखाली हिरवे डबके. नातू रडला नाही. परंतु मजकडे पाहून त्याने जी मान फिरवली ती मला वर्षभर विसरता आली नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही गणेशचतुर्थीनंतर लगेच आरंभ केला. जी रीत हाती आली ती सांगतो. बारीक छिद्रांचा फोम निवडून त्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे करावेत. वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात एक भाग तुकडे आणि दोन भाग पाणी घालून मिक्सर थांबत थांबत, एका वेळी दहा-पंधरा सेकंद फिरवावा. पाण्यामुळे पाते तापत नाही आणि धूळ उडत नाही. मग फडक्यात गाळून घट्ट पिळावे. रंग अ‍ॅक्रिलिकच हवा. तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. एक भाग रंगास तीन-चार भाग पाणी घेऊन त्यात चुरा कणकेसारखा मळावा, पुन्हा पिळावा आणि जुन्या चादरीवर सावलीत दोन दिवस वाळवावा. कडक उन्हात कधीही नव्हे, कारण ऊन लागून फोम पिवळा पडतो आणि कालांतराने भुगा होतो. आमच्या दुकानातील दर्शनी गादीची कड मी दर दोन वर्षांनी का बदलतो, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. वाळल्यावर नाकातोंडावर रुमाल बांधून चुरा हाताने मोकळा करावा आणि तीन चाळण्यांतून काढावा: गव्हाची, रव्याची आणि मैद्याची. वरचा जाडा माल झुडपांस, मधला आंब्या-फणसासारख्या दाट झाडांस, आणि खालचा बारीक माल गवतास.

एक सूचना विशेष आग्रहाने करतो. फोम झटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. किल्ल्यावर पणत्या ठेवण्याची आपली पद्धत आहे. फोमची झाडी असेल तेथे पणती नको, विजेचा लहान दिवा चालेल. फटाक्यांची मुले तर हातभर दूरच ठेवावीत.

खरा अभ्यास रंगाचा. बाटलीतला हिरवा जसाच्या तसा वापरला की झाड खेळण्याच्या दुकानातले दिसते. आम्ही त्यात पिवळी माती, थोडा तपकिरी आणि नखभर काळा मिसळून तीन छटा केल्या: गडद खालच्या अंगास, मध्यम पोटास, आणि फिकट शेंड्यावर, कारण उजेड वरून येतो. नातू मला घेऊन किल्ल्याच्या खंदकाकाठी सकाळी फिरावयास येऊ लागला. साठ वर्षांत त्या झाडांकडे मी पाहिले होते ते सावलीपुरते. आंब्याचा हिरवा निळसर काळपट असतो आणि बाभळीचा धुरकट, हे मला बारा वर्षांच्या मुलाने दाखवले.

त्याच फेरीत एकदा त्याने विचारले, “आजोबा, गावच्या दुकानापुढे चिंच होती म्हणता, ती कशी दिसायची?”

आमच्या मूळ गावी वडिलांच्या दुकानासमोर एक चिंच होती. बैलगाड्या तिच्याखाली सुटत, आणि बाजाराच्या दिवशी उधारीच्या निम्म्या गोष्टी तिच्याच सावलीत होत. रस्ता रुंद करताना ती गेली. नातू तेव्हा जन्मलाही नव्हता. किल्ल्याच्या पायथ्याला गाव करावयाचे तर ते आपलेच करू आणि चिंच लावू, असे त्याच्या मनात होते. मी उत्साहाने सांगू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. पहिली फांदी किती उंचीवर फुटत होती? ती दुकानाकडे झुकलेली होती की रस्त्याकडे? मला आठवेना. ज्या झाडाखाली मी पाढे म्हटले त्याचा आकार मला सांगता येईना!

इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ साली इंग्लंडात आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे बदलत आहेत, पडत आहेत, हे पाहून त्यांनी ती मापे घेऊन जशीच्या तशी लहान आकारात उतरवण्याचा ध्यास घेतला. त्यातून १९५४ साली लाँग विटेनहॅम येथे पेंडन संग्रहालय उभे राहिले. १:७६ या प्रमाणातील त्या गावांचे काम त्यांच्या पश्चातही चालत आले आहे. नातवाने हे मला वाचून दाखवले तेव्हा मी मनात म्हटले, त्यांच्यापुढे घरे उभी तरी होती.

घरात एकच छायाचित्र निघाले. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वरातीचे; त्यात चिंचेचा बुंधा डाव्या कडेला अर्धा कापला गेलेला. तेवढ्यावरून आणि गावच्या वाटेवर अद्याप उभ्या असलेल्या दुसऱ्या एका चिंचेवरून आम्ही काम चालवले. मावळ्याच्या मापाने झाड करू गेलो असतो तर फसलो असतो: तीन इंचांचा मावळा म्हणजे साठ फुटी चिंच जवळजवळ पावणेतीन फूट! म्हणून पायथ्याचे गाव आगगाडीवाल्यांच्या १:८७ प्रमाणात घेतले. त्या हिशेबाने चिंच सव्वाआठ इंच झाली.

जुन्या विजेच्या तारेतील तांब्याचे साठेक धागे एकत्र पिळून बुंधा केला, वर सोडवून फांद्या केल्या आणि फेव्हिकॉलमध्ये कालवलेल्या भुश्याचा लेप देऊन साल चढवली. चिंचेचे पान इतके बारीक की जाडा फोम तिला शोभत नाही. झाडाचा फ्लॉवरचा गड्डा होतो. मग दुकानातलाच काथ्या विंचरून जाळीसारखा फांद्यांवर पसरला. समभाग पाणी व फेव्हिकॉल, आणि ते थेंब न होता पसरावे म्हणून भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब, असे द्रावण फवारले आणि मैद्याच्या चाळणीखालचा चुरा वरून भुरभुरवला. फांद्यांची टोके खाली वाकवली. तीन झाडे फेकून दिल्यावर चौथे साधले, आणि ते हातात धरून उजेडाकडे केले तेव्हा पानांतून आभाळ दिसले.

भाऊबिजेला अक्का आली. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती फार बोलत नाही. नातवाने तिला किल्ल्यापुढे पाटावर बसवले. तिने शिवरायांना हात जोडले आणि मग खालच्या गावाकडे बराच वेळ पाहिले.

“ही आपली चिंच,” ती म्हणाली. “पण फांदी चुकली तुमची. ती दुकानावर नव्हती रे, विहिरीकडे होती. तिच्यावर माझा झोका होता, तू पाडला होतास मला.”

मला झोका आठवत नव्हता. नातवाने पक्कड आणली, अक्काच्या गुडघ्याशी बसला आणि ती बोट दाखवील तसतशी तार वाकवू लागला. फोमचा थोडा चुरा तिच्या पदरावर सांडला; तो तिने झटकला नाही.